चला, जमैकाला जेवायला!

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू. झाडावर लालचुटुक फळ लटकलंय. हात पुरतोय, पण तोडायचं नाही. घाई करून खाल्लं तर जिवावर बेतेल. मग खायचं कधी? ते फळ स्वतःहून 'आ' करून जांभई देईल तेव्हा! ओळखा, कोणतं फळ?

नाही ना आलं? साहजिकच आहे. हे फळ आपल्या भाजीबाजारात दिसत नाही. त्याचं नाव ॲकी, आणि ते जमैका देशाचं राष्ट्रीय फळ आहे.

जमैका म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? कोर्टनी वॉल्श, ख्रिस गेल आणि वाऱ्यासारखा धावणारा उसेन बोल्ट! घरात कोणी जुने क्रिकेटवेडे असतील तर त्यांना विचारा. ते सांगतील, की जमैकाची राजधानी किंग्स्टन इथल्या सबायना पार्क मैदानावर १९७१ साली आपल्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या होत्या. नकाशात पाहिलंत तर कॅरिबियन समुद्रात, क्यूबाच्या दक्षिणेला हे बेट सापडेल. आकारानं आपल्या बीड जिल्ह्यापेक्षा किंचितच मोठं. पण या एवढ्याशा बेटाच्या स्वयंपाकघरात अख्ख्या जगाचा इतिहास शिजतो, बरं का! कसा, ते आज पाहू या. समजा, आपण तिथल्या एका खेड्यातल्या घरी पाहुणे आहोत. शनिवारी दुपारी पोहोचायचं आणि रविवारचं जेवण जेवूनच निघायचं. तेव्हा पोट मोकळं ठेवा!

शनिवारचं सूप

शनिवार हा जमैकात कामाचा वार. घराची झाडलोट, कपडे, बाजारहाट. स्वयंपाकाला वेळ कुणाला आहे? म्हणून शनिवारी बहुतेक घरांत सूप असतं. सूप म्हणजे हॉटेलात वाटीभर मिळतं तसलं पातळ पाणी नव्हे हं! मोठ्या पातेल्यात मटण-चिकनबरोबर लाल भोपळा, गाजर आणि कंदांचे मोठाले तुकडे घालून रटरटवलेलं, एका वाडग्यात पोट भरेल असं सूप.

या कंदांतला मुख्य कंद म्हणजे याम. आपल्या कोनफळाच्या कुळातला. ट्रेलॉनी नावाच्या भागातला पिवळा याम प्रसिद्ध आहे. उसेन बोल्ट त्याच भागातला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो जिंकल्यावर त्याच्या वडिलांनी सांगून टाकलं, की ही सगळी आमच्या यामची करामत! आता नुसता कंद खाऊन कोणी धावपटू होत नाही हे तुम्हालाही कळतं. पण वडिलांना आपल्या मातीतल्या कंदाचा किती अभिमान असेल पाहा.

सुपात मुलांचं लाडकं काय असतं माहीत आहे? स्पिनर! क्रिकेटमधला नव्हे. मैद्याच्या घट्ट कणकेची छोटी गोळी दोन तळव्यांमध्ये धरायची आणि आपण वाती वळतो तशी वळायची. दोन्ही टोकांना निमुळता असा हा गोळा म्हणजे स्पिनर. वळता वळता फिरतो, म्हणून हे नाव. ही कामगिरी पुष्कळदा मुलांवर सोपवतात. कुणाचा स्पिनर जाडा, कुणाचा वाकडा, कुणाचा शेपटीसारखा! सुपात पडला की सगळे सारखेच चवदार.

हे सगळं ज्या भांड्यात शिजतं त्याला म्हणतात डच पॉट. लाडाचं नाव 'डची'. जाड ओतीव धातूचं, घट्ट झाकणाचं, वर्षानुवर्षं टिकणारं पातेलं. आपल्याकडे आजीची जुनी कढई सुनेकडे येते ना, तशी जमैकात डची एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते.

जांभई देणारं फळ

रविवारी सकाळी आजी अंगणातल्या झाडाखाली उभी राहून वर बघते. कोणत्या ॲकीनं तोंड उघडलंय? पिकलेलं ॲकी आपोआप तीन फाकांत उकलतं. आत तीन काळ्याभोर चकचकीत बिया आणि त्यांना चिकटलेला पिवळसर गर दिसतो. खायचा तो फक्त हा गर. बिया आणि गराच्या आतली तांबूस शीर काढून टाकायची, गर उकडायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. न उकललेल्या कच्च्या फळात हायपोग्लायसिन नावाचं विष असतं. त्यानं रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली जाते. म्हणून तिथलं लहान मूलही ॲकीच्या बाबतीत घाई करत नाही.

उकडलेला गर कांदा, टोमॅटो आणि मिरचीवर परतला की थेट अंड्याच्या भुर्जीसारखा दिसतो. त्यात खारवलेल्या कॉड माशाचे तुकडे पडले की झाला जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ, 'ॲकी अँड सॉल्टफिश'.

आता गंमत ऐका. ॲकीचं झाड मूळचं जमैकाचं नाहीच! ते आलं पश्चिम आफ्रिकेतून, अठराव्या शतकात. आणि कॉड मासा? तोही जमैकाच्या उबदार समुद्रात मिळत नाही. तो आला उत्तरेकडच्या, कॅनडाजवळच्या गारठलेल्या समुद्रातून. एक पदार्थ, दोन घटक, आणि दोन्ही परके. मग ते एकत्र आले कसे? ही गोष्ट मात्र गमतीची नाही.

रविवार त्यांचा होता

जमैकात मूळचे राहणारे टायनो लोक. १४९४ मध्ये कोलंबस तिथं पोहोचला आणि पाठोपाठ स्पॅनिश लोक वस्तीला आले. त्यांनी लादलेली वेठबिगार आणि आणलेले रोग यांमुळे बहुतेक टायनो काही दशकांतच मरण पावले. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि उसाचे प्रचंड मळे उभे केले. त्या मळ्यांत राबायला त्यांनी आफ्रिकेतून लाखो माणसं बेड्या घालून, जहाजांच्या तळात कोंबून आणली. माणसांना विकत घेतलं. गुलाम केलं.

मळेवाल्यांना सगळी चांगली जमीन उसासाठी हवी होती. मग एवढ्या माणसांना खायला काय घालायचं? त्यांनी जहाजांतून स्वस्तातला खारवलेला मासा मागवला. मीठ लावलेला, म्हणून टिकायचा. आणि डोंगरउतारावरचे ऊस न येणारे तुकडे गुलामांना दाखवून म्हटलं, तुमचं अन्न तुम्ही पिकवा. कधी? तर मळ्यावरचं काम संपल्यावर आणि रविवारी!

आठवडाभर उन्हात ऊस तोडून थकलेली ती माणसं रविवारी डोंगर चढायची. याम, केळी, शेंगा, पालेभाज्या लावायची. उरलेलं रविवारच्या बाजारात विकून चार नाणी जमवायची. त्यांचं नाव, त्यांची भाषा, त्यांची मुलंसुद्धा मालकाच्या मर्जीवर होती. पण डोंगरावरचा तो तुकडा आणि त्यातून शिजलेलं जेवण त्यांचं होतं. आज जमैकाची म्हणून जी चव आहे, तिचा मोठा भाग त्या तुकड्यांवर जन्माला आला.

काही जण पळून डोंगरदऱ्यांत गेले. त्यांना मरून म्हणतात. ते रानडुकराच्या मांसाला तिथल्या पिमेंटो झाडाचे दाणे आणि तिखट मिरची चोळून मंद आचेवर भाजत. शत्रूला धूर दिसू नये म्हणून जमिनीत खड्डा करून भाजत, असं सांगतात. आज जगभर प्रसिद्ध असलेलं 'जर्क' ते हेच. इंग्रजांच्या फौजांना मरून लोक इतके पुरून उरले, की १७३९ मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला.

१८३४ मध्ये गुलामगिरी संपवणारा कायदा लागू झाला आणि खरी मोकळीक १ ऑगस्ट १८३८ ला मिळाली.

जहाजातून आलेला फणस

ॲकीच्या शेजारी ताटात भाजलेले काप आहेत. कोकणातल्या मुलांनी लगेच ओळखलं असेल. नीरफणस! आपल्याकडे नीरफणसाचे काप तव्यावर परततात. जमैकात अख्खं फळ विस्तवावर काळंठिक्कर होईपर्यंत भाजतात, साल काढतात आणि फोडी करून खातात किंवा पुन्हा तळतात.

हा फणस जमैकात पोहोचला तो एका साहसकथेतून. १७८० ते १७८७ या काळात जमैकावर एकामागून एक वादळं आली. त्यातच अमेरिकेतल्या युद्धामुळे तिकडून येणारं धान्य आणि मासे अडले. सुमारे १५ हजार गुलाम उपासमारीनं आणि त्यातून आलेल्या आजारांनी मेले. तेव्हा मळेवाल्यांना एक स्वस्त अन्न हवं होतं. ताहितीच्या बेटांवर नीरफणस भरपूर होतो हे इंग्रजांना माहीत होतं. म्हणून कॅप्टन ब्लाय 'बाउंटी' जहाज घेऊन निघाला. पण १७८९ मध्ये परतीच्या वाटेवर खलाशांनी बंड केलं आणि ब्लायला काही सोबत्यांसह एका उघड्या होडीत सोडून दिलं. सुमारे ६,७०० किलोमीटर समुद्र कापून तो जिवंत परतला, आणि पुन्हा गेला! फेब्रुवारी १७९३ मध्ये त्यानं दुसऱ्या जहाजातून नीरफणसाची रोपं जमैकाला पोहोचवली.

एवढा खटाटोप करून आणलेलं फळ लोकांनी आनंदानं खाल्लं असेल ना? छे! ज्यांच्यासाठी आणलं त्यांनी सुरुवातीला त्याला तोंडच लावलं नाही. त्यांना आपला याम आणि आपली केळीच बरी वाटत होती. पुढे हळूहळू ते फळ त्यांनी आपलंसं केलं, ते मात्र त्यांच्या पद्धतीनं, विस्तवावर भाजून.

मोठं जेवण

चर्चमधून सगळे परतले की दुपारी रविवारचं मोठं जेवण. तयारी आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. राजमा भिजत घातलेला असतो. सकाळी नारळ फोडून, किसून, पिळून दूध काढायचं. राजम्याच्या पाण्यात हे दूध, लसूण, कांद्याची पात, थाइमच्या काड्या आणि पिमेंटोचे दाणे घालायचे. वर एक 'स्कॉच बॉनेट' मिरची ठेवायची. ही मिरची दिसते चिमुकल्या टोपीसारखी, पण आहे महातिखट! म्हणून ती अख्खीच ठेवतात. तिचा वास उतरला पाहिजे, ती फुटता मात्र कामा नये. ढवळणाऱ्यानं हात जपून चालवायचा. फुटली तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी! मग तांदूळ घालून मंद आचेवर भात होऊ द्यायचा. हा झाला 'राईस अँड पीज'. पीज म्हणजे मटार, मग यात राजमा कसा? तर जमैकात सगळ्याच कडधान्यांना पीज म्हणतात. नाताळात याच भातात 'गुंगो पीज' घालतात. गुंगो म्हणजे काय सांगू? आपली तूर! तूर मूळची भारतातली. ती आधी आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर जमैकात पोहोचली.

अशा ओळखीच्या खुणा ताटभर सापडतात. 'कॅलालू' नावाची पालेभाजी पाहा, ती माठाच्याच कुळातली. 'बॅमी' नावाची जाड भाकरी पाहा. ती करायला टायनो लोकांनी शिकवली. ती कसावा कंदाची असते, आणि आपल्या उपवासाचा साबुदाणा होतो तो याच कंदापासून! नाताळातलं लाल सरबत 'सॉरेल' हे लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. आपण अंबाडीची भाजी खातो, ते तिची बोंडं आल्याबरोबर उकळून पितात.

शेवटी गोड काय? रताळ्याचं पुडिंग. डचीत रताळ्याचा किस, नारळाचं दूध आणि साखर घालायची. खाली निखारे, झाकणावरही निखारे. तिथली माणसं गमतीनं म्हणतात, वर नरक, खाली नरक आणि मध्ये आनंदीआनंद!

जेवायला बसल्यावर आधी देवाचे आभार मानतात, मग ताटं वाढतात. कुणाला यायला उशीर होणार असेल तर त्याचं ताट वाढून झाकून ठेवलेलं असतं. शेजारी कुणी आजारी असेल तर एक ताट तिकडे जातं. दारात अचानक कुणी आलं तर? डचीत तेवढं असतंच.

आणि करी?

लग्न असो, वाढदिवस असो, जमैकात मोठ्या समारंभाचा मानाचा पदार्थ म्हणजे 'करी गोट', बोकडाचा रस्सा. पिवळाधमक, हळदीचा. ही करी कुठून आली, हे सांगायला नको!

गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते. त्यांनी भारतातून माणसं करारानं आणायला सुरुवात केली. १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल' नावाचं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे बंदराला लागलं. त्यात अडीचशेहून अधिक भारतीय होते. पुढे १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय तिथं गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कोलकात्याच्या बंदरातून निघालेले. कराराची भाषा गोड होती, पण मळ्यावरचं जिणं कष्टाचं होतं. बरेच जण कधीच परतले नाहीत. त्यांचा मसाला मात्र घरोघर पोहोचला. आज जमैकातल्या करी मसाल्यात हळद आणि धण्यांच्या जोडीला पिमेंटो असतो, आणि रश्शात स्कॉच बॉनेट. भारतीय करी जमैकाची झाली ती अशी. जमैकात १० मे हा दिवस भारतीय वारशाचा दिवस म्हणून पाळला जातो.

जमैकाचं ब्रीदवाक्य आहे, 'अनेकांतून एक लोक'. ते वाचायचं असेल तर पुस्तक उघडायला नको, डचीचं झाकण उघडलं तरी पुरे.

चला, बोट काढू!

आता खास तुमच्यासाठी एक गोष्ट. जमैकातली मुलं सुट्टीच्या दिवशी म्हणतात, 'चला, बोट काढू!' बोट म्हणजे होडी नव्हे. सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा, त्याला ते बोट काढणं म्हणतात. एक जण मूठभर तांदूळ आणतो, दुसरा नारळ, तिसरी मिरच्या. कुणी भांडं, कुणी लाकडं. ज्याच्याकडे आणायला काहीच नाही तो चूल पेटवतो किंवा भांडी घासतो. पण जेवायला सगळे! जेवणाला त्यांच्या बोलीत एक झकास शब्द आहे, 'न्याम'. आफ्रिकेतल्या भाषांमधून आलेला. न्याम म्हणजे खाणं. गुलामगिरीनं पुष्कळ काही हिरावून घेतलं, पण हा शब्द टिकला!

त्यांच्याकडे एक म्हणही आहे, 'वन वन कोको, फुल बास्केट'. कोको म्हणजे अळकुडीसारखा कंद. एकेक कोको टाकत गेलं की टोपली भरते. आपण म्हणतो ना, थेंबे थेंबे तळे साचे? तेच ते.

आता जाता जाता एक प्रश्न. आज तुमच्या घरी बटाट्याची भाजी झाली आहे का? 'बटाटा' हा शब्द कुणाचा, माहीत आहे? तो मूळचा टायनो लोकांचा! ते रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो उचलला, आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे येऊन मराठी झाला. ज्या लोकांचं राज्य गेलं, ज्यांची भाषा बहुतेक विसरली गेली, त्यांचा एक शब्द तुम्ही डबा उघडताना रोज उच्चारता. आणि त्या भाजीतली मिरची? तीही अमेरिकेकडूनच आलेली.

म्हणजे जमैकाच्या डचीत आपली तूर आहे आणि आपल्या कढईत त्यांचा शब्द आहे. तेव्हा या रविवारी सगळे एकत्र जेवायला बसा. टीव्ही बंद, मोबाइल दूर. ताटातल्या एकेका पदार्थाकडे बोट दाखवून आजी-आजोबांना विचारा, हा आपल्याकडे कुठून आला? बघा, किती गोष्टी निघतात. आणि हो, भांड्यात एका पाहुण्यापुरतं जास्त असू द्या!

करून पाहा : राईस अँड पीज
(गॅसजवळचं काम मोठ्यांच्या मदतीनंच करायचं.)

साहित्य : १ वाटी राजमा, २ वाट्या तांदूळ, २ वाट्या नारळाचं दूध, ३-४ लसूण पाकळ्या, कांद्याची पात, २ ओव्याची पानं, ३ लवंगा, ५-६ मिरीदाणे, दालचिनीचा छोटा तुकडा, १ अख्खी हिरवी मिरची, मीठ.

कृती : राजमा रात्रभर भिजवा. ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा. कच्चा राजमा पोटाला बाधतो, तेव्हा बोटांत सहज चिरडला पाहिजे. जाड बुडाच्या पातेल्यात राजमा, त्याचं शिजलेलं पाणी आणि नारळाचं दूध घ्या. दूध आणि पाणी मिळून चार वाट्या हवेत. त्यात ठेचलेला लसूण, पात, ओव्याची पानं, मसाले आणि मीठ घालून उकळी आणा. पिमेंटोच्या वासात लवंग, मिरी आणि दालचिनी तिन्हींची आठवण येते, म्हणून आपण ती त्रयी वापरली. थाइमऐवजी ओव्याची पानं, कारण त्यांचा वास थाइमच्या जवळचा असतो. मग धुतलेले तांदूळ घाला, वर मिरची अख्खी ठेवा आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्या. शिजल्यावर मिरची हळूच उचलून बाजूला काढा.

फुटली नाही ना? शाबास! आता सगळ्यांना हाक मारा. न्याम!